शालूची निवडणूक शालूनंच जिंकली

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून. मग नोकरी संपली तरी जीभ रेटेना म्हणून. माझी धाकटी बहीण शालिनी, हरियाणातली निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि त्याआधी एकदा आमदार, गेल्या महिन्यात गेली. दिल्लीत द्वारकेतल्या माझ्या घरी सकाळी तिच्या नवऱ्याचा, सतबीरचा फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. प्रत्येक बातमीत एक वाक्य होतं : सासऱ्यांच्या प्रभावामुळे त्या राजकारणात आल्या आणि निवडून आल्या. ते वाक्य कुठल्याही बातमीदाराचं नाही. ते माझं आहे.

आम्ही दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलो. वडील केंद्र सरकारात, पुढे मीही तिथेच चिकटलो. शालू मात्र वकिलीला गेली आणि वर्गातल्या सतबीरशी लग्न करून गुडगावजवळच्या एका गावात नांदायला गेली. आमच्या आईला वाटलं होतं की पोरगी डोक्यावर पदर घेऊन कोमेजून जाईल. चार महिन्यांनी भेटायला गेलो तर ही अंगणात खाटेवर पाय सोडून बसलेली, भोवती दहा-बारा बायका, आणि ही त्यांना बाजरीचं थालीपीठ कसं लावायचं ते अस्खलित हरियाणवीत सांगतेय. मला पाहून म्हणाली, “दादा, बस. इथे पाहुण्याला आधी ताक, मग प्रश्न.”

तेव्हा गुडगावभोवतीच्या शेतांत बिल्डरांच्या गाड्या हिंडायला लागल्या होत्या. मोहरीच्या पिकातून खुंट्या ठोकलेल्या दिसत. पुढच्या खेपेला तिथे पाटी, त्याच्या पुढच्या खेपेला कुंपण. जमिनी विकायच्या तर बहिणींची सही लागे, आणि बहिणी माहेरी येऊन मुकाट्यानं अंगठा देऊन जात. भावाकडे हिस्सा मागणं म्हणजे माहेर तोडणं. शालू एवढंच म्हणायला लागली की अंगठा द्यायचा तर द्या, पण आधी कागद वाचून घ्या, मी वाचून दाखवते. एवढ्यावरून भडका उडाला. सर्वांत जास्त भडकले ते तिचे सासरे. पंचक्रोशीत मान असलेला माणूस, आणि त्यांच्याच सख्ख्या बहिणीनं सुनेकडून कागद वाचून घेतला! त्यांनी शालूशी बोलणं बंद केलं. ती अपक्ष म्हणून निवडणुकीला उभी राहिली, त्या दिवशी त्यांनी आपली खाट फिरवून घेतली आणि दाराकडे पाठ करून हुक्का ओढत बसले. प्रचार संपेपर्यंत ती पाठ तशीच होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हे मला कसं दिसलं, तेच आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

सरकारी नोकरानं निवडणुकीचा प्रचार करायचा नाही, हा नियम. सतबीर मोटारसायकलवरून एका बाजूची गावं करायचा, दुसऱ्या बाजूला शालूला न्यायला कुणी नव्हतं. मग दर शनिवार-रविवारी मी स्कूटर काढली. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट घातलं ते दिवसभर उतरवलं नाही. माझी अक्कल पाहा, त्या काळी त्या गावांत हेल्मेट घालणारा मी एकटाच. पोरं स्कूटरमागे धावायची. एका म्हातारीनं शालूला विचारलं, “रै बहू, यो टोप आळा कौण सै?” शालू म्हणाली, “मेरा भाई सै, ताई. सिर में ठंड लग ज्या सै।” म्हातारी म्हणाली, “जेठ के महीने में?” आणि सगळं अंगण हसून लोळायला लागलं. ज्येष्ठाच्या उन्हात मी आत घामानं भिजलेला. मला लस्सी दिली तीही मी काच अर्धी वर करून, मान तिरकी करून प्यालो.

शालूचं चिन्ह शिलाई मशीन. आमच्या आईचं जुनं हातमशीन मांडीवर घेऊन ती मागे बसायची, म्हणजे खड्डा आला की ते माझ्या पाठीत. एका गावात बायकांनी अडवलं. मशीन घेऊन फिरतेस, तर चालवून दाखव! शालूला बटणसुद्धा लावता येत नसे. शिवणकाम यायचं मला. लहानपणी आईच्या मशीनचं चाक मीच फिरवायचो. शालूनं सुईशी झटापट केली, दोरा थुंकी लावून लावून भिजवला, मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, पण दोरा दिसेना. काच वर केली, तेही पुरेना, शेवटी हेल्मेट काढलं, सुई ओवली आणि कुणाच्या तरी फाटक्या झबल्याला झकास टीप मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. “भाई सीम्मै, बाहण राज करै!” कुणीतरी ओरडलं. भाऊ शिवतो, बहीण राज्य करते! परतताना शालू इतकी हसत होती की स्कूटर हेलकावे घेत होती. आयुष्यात आम्ही दोघं इतके आनंदात क्वचितच होतो.

माझ्या कार्यालयातला एक कारकून त्याच गावचा निघाला. सोमवारी साहेबांनी बोलावलं. “सबनीस जी, सुना है आजकल कपड़े सिल रहे हो? बहन के इलेक्शन में?” घरी दोन मुलं, आजारी आई, ते सरकारी क्वार्टर... आणि तोंडातून निघून गेलं, “मैं, सर? उसे मेरी क्या ज़रूरत! उसके ससुर हुक्का गुड़गुड़ाते हैं, और सारे गाँव वोट डाल आते हैं।” साहेब खदखदून हसले. प्रकरण तिथेच मिटलं.

शालू निवडून आली. आमच्या मराठी मंडळानं सत्कार ठेवला, मला भाऊ म्हणून बोलायला उभं केलं. साहेबांना आवडलेला विनोद मी पुन्हा सांगितला. सभागृह हशानं दणाणलं. पहिल्या रांगेत शालूही हसली, सगळ्यांत शेवटी. तिथून तो वर्तमानपत्रात गेला, विधानसभेत टोमणा झाला, आणि गंमत म्हणजे तिच्या सासऱ्यांच्याही कानावर गेला. महिन्याभरात त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला! आल्यागेल्याला सांगायचे, “बहू नै मन्नै जिताया।” सुनेला मीच निवडून आणलं. खाट पुन्हा दाराकडे तोंड करून आली, सुनेशी बोलणं सुरू झालं. शालू मला म्हणाली, “बघ दादा, तुझ्या एका थापेनं माझं घर जुळलं.” थापेनं दुसरं काय झालं, ते ती बोलली नाही. तिनं खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे वकीलबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसली. आर. के. पुरमला आमच्या स्वयंपाकघरात मी कायद्याची पुस्तकं धरून प्रश्न विचारायचो आणि ती भाजी निवडत उत्तरं द्यायची. निकाल लागला तेव्हा फोनवर म्हणाली, “दादा, या वेळी कुणी पास केलं म्हणून सांगणारेस?” मी हसण्यावारी नेलं. लोक म्हणालेच, सासऱ्यांनी वर सांगितलं असेल.

न्यायाधीश म्हणून ती कशी होती, हे तिच्या कोर्टातले लोक सांगतील. मला एकच गोष्ट माहीत आहे. तडजोडीत हिस्सा सोडायला कुणी बहीण उभी राहिली, की शालू भावांना म्हणायची, “आप लोग बाहर चाय पी के आइए।” मग बहिणीला पाणी द्यायची आणि विचारायची, “अब बोल बेटी, तेरा क्या मन है?” बऱ्याचजणी तरीही सोडूनच द्यायच्या. पण काहीजणी नाही सोडायच्या, आणि त्या दिवशी शालू रात्री मला फोन करून गाणं म्हणायची. अत्यंत बेसूर.

सासरे गेले, मी निवृत्त झालो, खोटं टिकवायचं एकही कारण उरलं नाही. तरी वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर तिच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर गेलो ते ठरवूनच. बाराव्या मजल्यावरून तिनं बोट दाखवून सांगितलं, त्या काचेच्या इमारतीखाली आपली झबल्याची टीप आहे. मी म्हणालो, “शालू, ते हुक्क्याचं मी...” एवढ्यात तिची नात आली आणि शालूनं तो विनोदच तिला सांगायला घेतला, माझी नक्कल करून, साहेबांच्या हसण्यासकट. नात हसली, शालू खोकला येईपर्यंत हसली, आणि मीही हसलो. मग चहा आला, गप्पा दुसरीकडे वळल्या. लिफ्टपर्यंत ती सोडायला आली, तेव्हा दार मिटेपर्यंत मला वेळ होता.

शालू, ती निवडणूक तू जिंकलीस, तुझ्या सासऱ्यांची पाठ तुझ्याकडे असताना. मी माझी नोकरी वाचवायला तुझं यश दुसऱ्याच्या नावावर केलं, आणि नोकरी संपल्यावरही ते तुला परत मिळवून दिलं नाही. तू भावांना बाहेर पाठवून बहिणींना विचारत राहिलीस. तुला मात्र मी कधी विचारलं नाही. मला माफ कर.