डावीकडचा गियर

कबड्डीच्या मैदानात यांचा उजवा गुडघा गेला, तेव्हा हे पंचेचाळिशीला टेकले होते. ऑपरेशन झालं, काठीही सुटली, पण डॉक्टरांनी बजावलं, "बुलेटला किक मारायची नाही. पुन्हा गुडघा फिरला तर मी काही करू शकणार नाही."

आमची बुलेट लग्नाच्या आधीची, जुन्या घडणीची. तिला बटण नव्हतंच. गियर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. नंतरच्या पिढीत ते सगळं उलट झालं होतं: गियर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, सुरू करायला बटण. टाकी आणि गोल दिवा मात्र तोच. त्याच्याही पुढची, अगदी नवी, तेव्हा नुकतीच रस्त्यावर दिसायला लागली होती. तिचाही गियर डावीकडेच, पण दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक होते.

यांची कंपनी रोह्याला, माझी शाळाही तिथेच. पेणहून आम्ही बुलेटवर एकत्र जायचो. ते बंद झाल्यापासून एसटी, नाहीतर रेल्वे, आणि पुढे रिक्षा. यांचा चेहरा रोज थोडा अधिक आक्रसत होता. घरात एकच विषय.

"घ्यायची तर नवीच घेऊ," मी म्हणायची.

"तिला आवाजच नाय. शिवणयंत्र वाटतं. मधली घेऊ."

"पण तुमच्या पायांना जुनी सवय आहे. पाय चुकला तर नवीचे ब्रेक तरी पक्के."

"पाय माझे हायत ना? मग?"



दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही रोह्याला गेलो. तिथे एका निवृत्त गृहस्थांना त्यांची मधल्या पिढीची बुलेट विकायची होती. गाडी चकचकीत ठेवली होती. "खिंडीपर्यंत चालवून बघा," ते म्हणाले. यांनी बटण दाबलं, इंजिन धडधडलं आणि कित्येक महिन्यांनी हे मोकळं हसले. मी मागे बसले. खरं तर यांना एकट्याला सोडायचा धीर होत नव्हता.

भिसे खिंड चढताना सगळं ठीक होतं. हे गियर टाकताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "डावा... डावा..." माथ्यावरून उतार लागला तसं पुटपुटणं थांबलं. वेग वाढला. "अहो, हळू," मी म्हटलं. "काय होत नाय," हे म्हणाले.

वळण संपलं आणि समोर चार बायका, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

यांचा डावा पाय खाडकन खाली गेला. ब्रेक लागलाच नाही, गियर पडला. इंजिन किंचाळलं, मी यांच्या पाठीवर आदळले. हॉर्न ऐकून तिघी मागे सरल्या, चौथी मधोमध खिळून उभी. यांनी पुन्हा डावाच पाय दाबला, आणखी जोरात. मागचं चाक खडीवर फरफटलं.

"उजवा! उजवा पाय!" मी ओरडले.

हे कळवळून ओरडले, म्हणजे उजवा दाबला होता. हाताचा ब्रेकही आवळला. गाडी त्या बाईच्या अगदी जवळून वाऱ्यासारखी गेली, कडेच्या गवतात शिरली आणि आम्हाला घेऊन आडवी झाली.

मी उठून आधी मागे पाहिलं. बाई रस्त्यात बसली होती, मोळी सुटून फाटे पसरले होते. मी धावत गेले. तिला कुठे खरचटलंही नव्हतं. त्यांच्यातली म्हातारी यांच्याकडे बघून कडाडली, "आंधला हाय काय रं? मानसा दिसत नाय तुला?"

यांनी हात जोडले. मी फाटे गोळा केले, मोळी बांधायला मदत केली, ती बाईच्या डोक्यावर चढवली. जाताना ती बाई मला म्हणाली, "तुला लागला नाय ना गो?" तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हे दगडावर गुडघा धरून बसले होते. "दोनदा डावाच गेला," म्हणाले. "मी त्याला सांगत होतो, तो ऐकत नव्हता." मग गाडीकडे न बघता म्हणाले, "मी नाय बसणार आता तिच्यावर."

खिंडीत थांबून चालणार नव्हतं. मी पेणमध्ये स्कूटर चालवत होते, तेवढाच माझा अनुभव. दोघांनी मिळून गाडी उभी केली. आरसा फुटला होता, बाकी काही नाही. मी पुढे बसले.

"तुला जमणार नाय."

"माझ्या पायांना काही येतच नाही. त्यांना जे शिकवाल ते शिकतील."

हे मागे बसले. सांगताना यांनाच विचार करावा लागत होता. "क्लच दाब. आता उज... नाय, डावा पाय, खाली." गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. समोरून ट्रक आला तेव्हा ब्रेक जिथे होता तिथेच पाय गेला. दुसऱ्या गियरवर, सायकलच्या वेगाने, घामाने निथळत मी रोह्यापर्यंत आले. त्या गृहस्थांना घडलं ते सांगितलं, आरशाचे पैसे दिले.

परत येताना रेल्वेत हे खिडकीबाहेर बघत होते. निडी स्टेशन मागे पडल्यावर म्हणाले, "नवी घेऊ. दोन्ही चाकांना डिस्कवाली. आणि तू चालव."

आम्ही नवी घेतली. पहिल्या दिवशी मी नागोठण्याला चहाला थांबवली. हे मागून उतरले, हेल्मेट काढलं.

"गियर जरा लवकर टाकतेस."

"मग एसटीने जा," मी म्हटलं.

हे हसले आणि दोन चहा सांगायला पुढे गेले.