उशिराचा आवाज

बाईंची नोकरी गेली ती बाईंमुळेच.

त्या बसस्थानकावर उद्घोषिका होत्या. काचेच्या खोलीत बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते आहे, आणि मुख्यतः कोणती लागत नाही आहे, ते माइकवरून सांगायचं. वेळेवर येणारी गाडी काय, आपली आपण दिसते. तिला उद्घोषिका लागत नाही. त्यामुळे वीसेक वर्षं बाईंच्या वाट्याला आला तो उशीरच. तो त्या अशा मायेने सांगत की माणसं चिडायची विसरत. 'सुमारे' हा शब्द तर त्या असा उच्चारत, की जणू थंडीत कुणी पांघरूण नीट करून द्यावं.

मग एके दिवशी वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतलं आणि सगळे आकडे, सगळ्या गावांची नावं, 'सुमारे', 'दिलगीर आहोत' असं सुटं सुटं टेप करून मागितलं. बाईंनी जीव ओतून ते केलं. 'दिलगीर' तर पुन्हा पुन्हा म्हटलं, कारण पहिल्या वेळी ते त्यांना पुरेसं दिलगीर वाटलं नाही. शेवटी पुष्पगुच्छ मिळाला. तो कशाबद्दल होता, हे दोन महिन्यांनी कळलं. यंत्र ते तुकडे जोडून बोलायला लागलं होतं, आणि त्याला जेवणाची सुट्टी नको होती. जागा दुसऱ्या कुणी पटकावली असती तर तिच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. इथे तीही सोय नव्हती.

बातमी लागल्याबरोबर धाकटी नणंद हजर झाली. तिचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता.

"वहिनी, एक तारखेपासून माझ्याकडे या. मागच्या खोलीत बसून बटणं लावायची. बोलायची मुळी गरजच नाही. इतकी वर्षं बोलून दमला असाल, आता तोंडाला आराम."

हे ती मनापासून म्हणत होती, आणि पंचाईत तिथेच होती. दुष्टपणाने म्हणाली असती तर नकार देता आला असता. बाईंनी ती खोली पाहिलेली होती. तिथल्या बायका ओठांत टाचण्या धरून काम करतात. दिवसभर कुणाचा आवाज नाही, नुसता दोऱ्याचा. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"एक तारखेपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "तोवर बोलायचं काम नाही मिळालं, तर येते."

"येणारच तुम्ही," नणंद समजुतीने म्हणाली. "जरा उशिराने, इतकंच."

आता बाईंच्या यजमानांनी सूत्रं हातात घेतली. हे मोटार शिकवण्याच्या शाळेत मास्तर होते. जगातली प्रत्येक गोष्ट ही मुळात गाडी चालवणंच आहे, असं त्यांचं मत होतं, आणि संसारात ते खोडून काढायची फुरसत बाईंना कधी मिळाली नव्हती.

"नोकरी शोधणं म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "आधी आरसे बघायचे. मागे काय केलंय, शेजारून कोण चाललंय, ते लिहून काढायचं. मग सिग्नल. चारचौघांत सांगायचं की मी नोकरी शोधतेय. लोक सिग्नल न देता वळतात आणि मग धडकले की रडत बसतात."

बाईंनी सिग्नल दिला. जिन्यात उभं राहून शेजारणीला सांगितलं, "मी नोकरीच्या शोधात आहे." तिन्ही मजल्यांची दारं उघडली, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन खालीच आले. त्यांना वाटलं, गाडी लागली.

मग अर्ज. 'अनुभव' या रकान्यात काय लिहावं यावर दोघांचा एक अख्खा रविवार खर्ची पडला. अखेर मास्तरांनी लिहिलं: 'उशीर हाताळण्याचा प्रदीर्घ अनुभव.' बाईंना ते छान वाटलं. ते खरंही होतं.

त्यानंतर मुलाखतीचा सराव. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अल्याड उमेदवार, पल्याड साहेब. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तर तो दाबतात. ही सवय पायात इतकी मुरली होती, की समोर कुणीही चुकलं तरी पाय आपोआप खाली जाई.

"तुमचा एखादा दोष सांगा," साहेब म्हणाले.

"मी जरा..."

धप्प.

"अगं, दोष सांगायचा नसतो!"

"मग विचारतात कशाला?"

"विचारायची पद्धत आहे. आपण दोष विचारला की गुण सांगायचा."

"आणि गुण विचारले की?"

तेवढ्यात खालचे भाडेकरू वर आले आणि काय पडतंय म्हणून चौकशी करून गेले.

पहिली मुलाखत बँकेत होती. टोकनचे नंबर पुकारायचं काम. बाई गेल्या तेव्हा हॉलमध्ये हाणामारी व्हायची तेवढी बाकी होती. "मी आधी आलो", "तुम्ही मागचे", "ओ काका, पाय!" असा सगळा प्रकार. अधिकाऱ्यांनी माइक पुढे केला. "सेहेचाळीस नंबर बोलवून दाखवा बरं."

"कृपया लक्ष द्यावे," बाई म्हणाल्या. "टोकन क्रमांक सेहेचाळीस."

हॉल एकदम शांत झाला. अधिकारी प्रसन्न झाले, पण क्षणभरच. कारण सेहेचाळीस नंबरवाला, जो इतका वेळ उभा राहून भांडत होता, तो निवांत खाली बसला. एका आजींनी बिस्किटांचा पुडा फोडला. दोघे जण पहारेकऱ्याला "तासाभरात येतोच" सांगून चहाला गेले. बाईंनी पुन्हा पुकारलं. एकाने पिशवी डोक्याखाली घेतली.

"ओ, सेहेचाळीस!" न राहवून अधिकारी ओरडले. "तुमचाच नंबर आहे!"

"असू दे हो," तो म्हणाला. "आम्हाला काय हा आवाज नवा आहे? लागेल तेव्हा उठू."

अधिकाऱ्यांनी माइक बंद केला. "बाई, आवाज फारच छान आहे तुमचा. पण बँक बंद पडेल."

दुसरी मुलाखत एका कुरिअरच्या कचेरीत. भिंतीवर हातभर अक्षरांत 'आजच्या आज' असं लिहिलं होतं. मालकांनी परीक्षा म्हणून एका गिऱ्हाइकाला फोन लावून दिला. बाई म्हणाल्या, "आपलं पार्सल निघालं आहे." पलीकडून आवाज आला, "बरं, मग उद्या बघू," आणि गिऱ्हाईक घराला कुलूप घालून बाहेर निघून गेलं. पार्सल तसंच परत आलं.

"त्यांचं सोडा," मालक कळवळून म्हणाले. "मी इथे समोर बसलोय. पार्सल निघालं ते मी या डोळ्यांनी बघितलं. तरी तुम्ही 'निघालं आहे' म्हणालात आणि मलाच ते खरं वाटेना."

मास्तर हटले नाहीत. मुलाखतीनंतर आभाराचा फोन करायचाच, असा त्यांचा नियम होता; वळण घेतल्यावरही एकदा आरशात बघतात, तसा. बाईंनी मालकांना फोन लावला.

"नमस्कार. मी बोलतेय..."

"किती?"

"काय किती?"

"पाचची गाडी किती लेट आहे तेवढं सांगा हो, सासूबाईंना आणायला निघालोय!"

"सुमारे चाळीस मिनिटे," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मालकांनी मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी गाडीचं काही न बघताच सांगितलं!" त्यांनी ताबडतोब स्थानकावर जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं. गाडी पंचेचाळीस मिनिटं लेट होती. तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला.

महिना सरत आला. नणंदेने बोटात घालायचं नवंकोरं अंगुस्तान पाठवलं. सोबत निरोप होता, "सैल होत असेल तर सांगा, वहिनी, बदलून देते." सैल होत नव्हतं. अगदी मापाचं होतं.

आता एकच जाहिरात उरली होती: 'दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बाई पाहिजे.' मास्तरांनी नाक मुरडलं. "तिथे काय बोलणार तू? आतल्याचं तोंड उघडं, बाहेरच्यांचं मिटलेलं."

"टाचण्या तरी नसतील," बाई म्हणाल्या.

दोघं वेळेआधी पोचले. मुलाखतीची वेळ उलटून गेली. आतून यंत्राची घरघर येत होती आणि बाहेर गाल धरून बसलेली माणसं त्या घरघरीबरोबर आपापल्या खुर्चीत वर-खाली होत होती. डॉक्टरांचे वयस्क मदतनीस अधूनमधून दारातून डोकं काढत आणि "होईल, बसा," एवढं बोलून आत घेत. त्यावर कुणाचाही विश्वास नव्हता. घरघर जरा चढली, तसे एक लठ्ठ गृहस्थ उठले आणि "माझं दुखायचं थांबलं," असं सर्वांना सांगून चालू लागले. एका बाईंना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं.

"रोजचंच आहे," मदतनीस म्हणाले. "डॉक्टर बाहेर येतात तोवर नुसत्या खुर्च्या उरतात."

"आतलं आटपायला किती वेळ आहे?" बाईंनी विचारलं.

"अक्कलदाढ आहे. अर्धा-पाऊण तास."

"मग सांगत का नाही यांना?"

मदतनिसांनी डोकं दारातून पूर्ण बाहेर काढलं. ही कल्पना दवाखान्यात नवी असावी. बाईंना बसवेना. मुलाखत, एक तारीख, बटणं, सगळं डोक्यातून गेलं. खोलीभर माणसं ताटकळलेली आणि त्यांना कुणी काही सांगत नाही, हे त्यांना तहानलेल्यापुढून भरला तांब्या घेऊन जाण्यासारखं वाटलं. त्या उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या खुर्चीत मास्तरांचा पाय खाली गेला. धप्प. बाईंनी पदर सारखा केला. पुन्हा धप्प. पण गाडी मास्तरांची नव्हती.

"कृपया लक्ष द्यावे. डॉक्टर एका अक्कलदाढेत असल्याने सुमारे चाळीस मिनिटे उशिराने येत आहेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

लठ्ठ गृहस्थांचा हात दाराच्या कडीवर होता. तो खाली आला. ते परत येऊन बसले आणि त्यांनी बूट काढले. गॅसवाल्या बाई अर्ध्या जिन्यातून वर आल्या. "चाळीस मिनिटं ना? मग गॅस बंदच केला असेल मी." खोलीत हळूहळू गप्पा सुरू झाल्या. "तुम्ही कुठले?" विचारावं तसं माणसं एकमेकांना "तुमची कुठली?" विचारू लागली. "खालची, डावीकडची." "अरे वा, आमची पण डावीच."

डॉक्टर बाहेर आले, भरलेली खोली पाहिली आणि दार चुकलं असं समजून परत आत गेले. मग पुन्हा बाहेर आले.

"हे सगळे माझेच?" त्यांनी मदतनिसांना दबक्या आवाजात विचारलं. मदतनिसांनी बाईंकडे बोट दाखवलं.

मुलाखत तिथेच, उभ्या-उभ्या झाली.

"उद्यापासून या," डॉक्टर म्हणाले. "फक्त शेवटी एक वाक्य वाढवा. 'मुळीच दुखत नाही.' तुमच्या आवाजात फार शोभेल."

मास्तर जोरजोरात मान हलवत होते. बाईंना पर्समधलं अंगुस्तान आठवलं.

"ते नाही म्हणता येणार."

"का?"

"दुखतं ना?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. खोली कान देऊन ऐकत होती. "थोडंसं," ते म्हणाले.

"मग थोडंसं म्हणेन. इतकी वर्षं लोक माझं ऐकतात, कारण मी त्यांना कधी चांगली बातमी दिली नाही. एक दिली की संपलं, डॉक्टर. मग तुमच्यात आणि माझ्यात काय फरक?"

मास्तरांनी आता दोन्ही पाय दाबून धरले होते. डॉक्टर बराच वेळ हातमोज्यांची बोटं ओढत राहिले. एकदा त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. एकही रिकामी नव्हती.

"बरं, थोडंसं म्हणा," ते म्हणाले. "पण आधी 'सुमारे' लावा."

यात बाईंना काही वावगं दिसलं नाही. त्या लठ्ठ गृहस्थांकडे वळल्या.

"कृपया लक्ष द्यावे. आपला नंबर लागला आहे. आपल्याला सुमारे थोडंसं दुखेल."

"हां, मग ठीक आहे," गृहस्थ म्हणाले, आणि बूट हातात घेऊन आत गेले.