आगाशे व्हेनिसला सामान नेतात

कोलकात्यात आम्ही मराठी माणसं मोजकी, त्यात बरेचसे बदलीवाले. कुणाच्याही घरी जमलो की गप्पा फिरून फिरून सामानावर येतात. कुणाचा फ्रिज चुकून गुवाहाटीला गेला, कुणाची गादी अजून वाटेतच आहे! असे किस्से इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळा ट्रक लागेल. पण गेल्या वर्षीपासून फर्माईश एकच: आगाशे आणि व्हेनिस.

आगाशे माझ्याच बँकेत, शेजारच्याच क्वार्टरमध्ये. त्यांची एकुलती एक ऋता व्हेनिसला शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं नंतर! तेव्हापासून आगाशे लेकीशी फोनवरसुद्धा बोलत नव्हते. वहिनींनी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, "मी टूरला येतो. कुणाच्या घरी नाही!" मध्ये कुणीतरी हवं म्हणून वहिनींनी आम्हा नवरा-बायकोलाही ओढलं. बाप लेकीशी बोलतो की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. बाकी सगळं सामान.

*

आमच्या वरच्या मजल्यावर घोषबाबू राहतात, मूळचे बागबाजारचे. एके काळी मराठ्यांच्या धास्तीने तिथून खंदक खणला होता, हे ते प्रत्येक मराठी माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवतात.

व्हेनिसमध्ये गल्लोगल्ली कालवे आहेत हे ऐकल्यावर ते जरा विचारात पडले. "आगाशेबाबू, आप लोगों के डर से हमने एक खोदा. उन लोगों ने इतना सारा किसके डर से खोदा?"

आगाशे म्हणाले, "आम्ही तर पहिल्यांदाच चाललोय!"

*

कोलकाता एअरपोर्टवर वहिनींची हँडबॅग मशीनमधून परत आली. आत पुरणयंत्र!

सिक्युरिटीवाल्या बाईने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "दीदी, ये क्या है?"

"पूरन बनाने का."

"इटली में?"

"बेटी है उधर," वहिनी म्हणाल्या.

बाईने ते नीट फडक्यात गुंडाळून परत दिलं. मी आगाशांना विचारलं, "ऐकलंत ना?"

"मी बेल्ट घालतोय," आगाशे म्हणाले.

*

रोमहून व्हेनिसची गाडी होती. हावड्याला जातो तसे आम्ही भलतेच लवकर स्टेशनात पोचलो. प्लॅटफॉर्मचा नंबर काही बोर्डावर लागेना. तो लागला तेव्हा नेमका स्टेशनाच्या दुसऱ्या टोकाचा! धावता धावता आगाशांना लाल जॅकेट घातलेला एक गृहस्थ दिसला. यांनी हात वर केला, "कुली!" आणि मोठी बॅग त्याच्यापुढे सरकवली.

त्याने मुकाट्याने ती उचलली, आमच्या डब्यात नेऊन ठेवली, आणि आमच्याच समोरच्या सीटवर बसून लॅपटॉप उघडला.

फ्लॉरेन्स येईपर्यंत आगाशे खिडकीबाहेर बघत होते.

*

शेवटी वहिनींनी थालीपिठाचा डबा उघडला. लाल जॅकेटवाल्याने लसणाच्या चटणीसकट एक संपवलं, डोळे पुसले आणि दुसरं मागितलं. मग विचारलं, व्हेनिसला तुमचं कुणी आहे का?

"नो," आगाशे म्हणाले.

"येस," वहिनी म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले. त्या माणसाने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझंही लग्न झालंय."

*

व्हेनिसच्या अलीकडे गाडी लांबलचक पुलावर चढते आणि दोन्हीकडे नुसतं पाणी. माझी बायको म्हणाली, "आगाशे, बघा तरी!"

"आपल्या बजबजला हुगळीचं काय कमी पाणी आहे?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. पण पाय सारखा हलत होता. मला त्या क्षणी त्यांची दया आली.

*

व्हेनिस आलं. डबा रिकामा झाला, आमचं सामान मात्र हलेना! वाटेत आमचं लक्ष नसताना आगाशांनी चारही बॅगा साखळीने रॅकच्या दांड्याला बांधून कुलूप घातलं होतं. चावी सापडेना. खिसे झाले, पाकीट झालं, बूटसुद्धा काढून झाले. रेल्वेचा माणूस येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेला. आगाशांना घाम फुटला.

तेवढ्यात दारातून ऋता आत आली. प्लॅटफॉर्मवर वाट बघून कंटाळली असावी. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आगाशे हातात बूट घेऊन तसेच उभे.

ऋताने साखळीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. पुढे आली, त्यांच्या कॉलरमध्ये हात घातला आणि जानवं वर ओढलं. जानव्याला चावी!

आगाशांनी मान आखडून घेतली.

"हात किती गार आहेत तुझे!" ते म्हणाले. "स्वेटर कुठाय?"