घुमणारी खोली

"परत सांगा."

फोनवर कुणीही असो, ऑपरेटर मावशींचं हे वाक्य ठरलेलं. उजव्या हाताचा तळवा आमच्याकडे, म्हणजे तुम्ही गप्प बसा. डाव्या हातात टोक काढलेली पेन्सिल. डोळे घट्ट मिटलेले. डोळे मिटून ऐकणारं माणूस तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत, आठवून बघा.

लोणावळ्यात आमची एक टोळी आहे. डोंगरात कुणी पडलं, अडकलं, वाट चुकलं की आम्ही दोर घेऊन जातो. सगळे आपापला धंदा सांभाळून हे करणारे. मी बंगल्यांचं वायरिंग करतो. टोळीत प्रत्येकाला डोंगरावर जायचं असायचं, फोनपाशी बसायला कुणीच तयार नसायचं.

मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, ट्रंक कॉल जोडण्यात. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या एक दिवस आमच्या खोलीच्या शटरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा फोन कोण उचलतं?"

"जो असेल तो," मी म्हणालो.

"म्हणजे कुणीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरची उशी घेऊन येऊ लागल्या. खुर्चीवर उशी, टेबलावर वही, वहीत तारीख आणि वेळ. कुणी मध्ये बोललं तर फक्त तळवा वर करायच्या. आमच्यातले दणकट गडी त्या तळव्याला वचकून असायचे.

खोली पूर्वी दुधाच्या डेअरीची होती. जमिनीला फरशी, भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स. एक शब्द बोलला की तो चार भिंतींना आपटून परत यायचा आणि तोवर निघालेल्या दुसऱ्या शब्दावर चढायचा. फोन नेहमी स्पीकरवर ठेवावा लागे, कारण मावशी लिहून घेत असताना नकाशावर जागा शोधणाऱ्यालाही ते ऐकू यायला हवं. शिवाय वायरलेसची खरखर वेगळीच. त्या घुमण्याची आम्ही चेष्टा करायचो. कुणी शिंकलं की म्हणायचो, चौघे शिंकले.

मग श्रावणातला तो रविवार आला. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. शटरवर पाऊस बडवत होता. फोन वाजला. एक तरुण आवाज, धाप लागलेला. "भाऊ पडलाय... पाय दगडाखाली... तुंग..." पुढचं घुमण्यात गेलं.

मावशींचा तळवा वर. "परत सांगा. गावाचं नाव परत सांगा."

दोराची पिशवी माझ्या खांद्यावर चढलेली होती, बाकीचे बाहेर जीपपाशी होते. "तुंगार्ली!" मी ओरडलो. "धरणाच्या मागे. चला!"

मी ओरडलो त्याच क्षणी तो पलीकडून नाव परत सांगत होता. माझा आवाज टाइल्सवर आपटला आणि त्याचा त्यात बुडाला. फोन कट झाला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "मला वाडी ऐकू आलं."

"मावशी, तुंगार्ली दहा मिनिटांवर आहे. लोक तिथेच पडतात." मी जीप चालू केलीसुद्धा.

तो तुंगवाडीला होता, तुंग किल्ल्याच्या पायथ्याला, पवना धरणाच्या पलीकडे. आम्ही तुंगार्लीच्या मागचा डोंगर धुंडाळत असताना मावशी इकडे तोच नंबर फिरवत होत्या. त्याला रेंज मिळून तो परत बोलेपर्यंत दोन तास गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पडलेला मोठा भाऊ शुद्धीवर होता, पण पायाबद्दल काही बोलत नव्हता. मला तेच भयंकर वाटलं.

तो चिंचवडला शाळेत शिकवायचा. त्याचं पाऊल काढावं लागलं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "दोन तास आधी आणलं असतं तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे खोलीत जमलो. टोळीच्या प्रमुखाने विचारलं, "नाव चुकीचं कुणी घेतलं?"

मी तोंड उघडणार होतो. निदान मी स्वतःला तसं सांगत आलोय. पण त्याआधीच मावशी म्हणाल्या, "मी. माझा कान चुकला."

कुणीतरी म्हणालं, "मावशी, खोलीच घुमते, तुम्ही काय करणार?"

"घुमते ना? मग तिचं काहीतरी करायला हवं."

मी फरशीकडे बघत होतो.

त्याच आठवड्यात त्या एकट्याच दवाखान्यात जाऊन त्या माणसाला भेटून आल्या, हे मला नंतर प्रमुखाकडून कळलं. तिथे काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

खोलीचं काम त्यांनी स्वतःच हाती घेतलं. ड्रिल मशीन माझं, म्हणून रोज संध्याकाळी मदतीला मी. एरवी मला त्यांच्याबरोबर काम करायला आवडलं असतं. त्या दिवसांत मात्र त्यांनी "अरे" म्हटलं तरी मी ड्रिल बंद करायचो.

आधी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावून झाले. इंटरनेटवर तसं दाखवतात म्हणे. दोन भिंती भरल्या. आवाज होता तसाच घुमत राहिला, वर ट्रेमागे झुरळं झाली. टोळीतली पोरं हसली. मावशींनी एकेक ट्रे उपटला आणि म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये भिंतींना भोकांच्या फळ्या होत्या आणि त्यांच्या मागे लोकर भरलेली. नुसता पुठ्ठा काय अडवणार?"

मग लोकर शोधणं आलं. मी ज्या बंगल्यांत काम करायचो तिथे हंगाम संपला की जुनी ब्लँकेटं फेकून देत. ती आणली, धुतली, वाळवली. कारखान्यात माल येतो त्या लाकडी पेट्या फोडून चौकटी केल्या, चार बोटं खोल, दारापेक्षा थोड्या लहान. आत ब्लँकेटांच्या घड्या आणि जुन्या गाद्यांचा कापूस, वरून गोणपाट. पहिल्या चौकटीतला कापूस आठवड्यात तळाला बसला आणि वर नुसतं पोतं लोंबायला लागलं. मावशींनी ती सोडली आणि दाभणाने वीत-वीतभर अंतरावर टाके घालून पुन्हा भरली. भिंतीवर लावताना मी ती टाइल्सला चिकटवून ठोकू लागलो तर म्हणाल्या, "दोन बोटं पुढे घे. मागे पोकळी राहू दे." त्यामागे लाकडाचे ठोकळे दिले. एक चौकट टेबलाच्या बरोबर वर, छताला टांगली.

लोणावळ्याची ओल तुम्हाला ठाऊक असेल. पंधरा दिवसांत गोणपाटावर बुरशी आली. मग दर सोमवारी सगळ्या चौकटी उतरवून मोठ्या बल्बपुढे शेकत ठेवायच्या. खोलीला ओल्या घोंगडीसारखा वास यायचा.

दोन-दोन चौकटी वाढल्या की मावशी परीक्षा घ्यायच्या. मी नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी उभा राहून फोनवर गावांची नावं वाचायची, त्यांनी खोलीत लिहायची. यादी त्यांनीच केलेली, कानाला फसवणारी. शिलाटणे, सोमाटणे. औंढे, औंढोली. तुंगवाडी, तुंगार्ली. वडेवाला मला वेडा समजायचा. पाचव्या ओळीवर ते नाव आलं की मी ते भरभर वाचून पुढच्यावर जायचो.

पहिल्या खेपेला निम्मी नावं चुकली. नंतर कमी कमी होत गेली.

एक दिवस आम्ही दोघंच चौकट शिवत बसलो होतो. चौकटीच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. दाभण त्या माझ्या बाजूला ढकलायच्या, मी परत त्यांच्या बाजूला. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुम्ही थांब म्हणाला होतात."

"हो."

"मी ओरडलो म्हणून ऐकू आलं नाही."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

त्यांनी दोरा ओढून गाठ मारली. "तू वरून दोर धरतोस. खाली लोंबकळणाऱ्याला वरच्या हाताचा भरवसा वाटायला हवा. त्या दिवशी तुझं नाव निघालं असतं तर तुझ्या दोरावर कोण उतरलं असतं? माझ्या दोरावर कुणी उतरत नाही."

मी गोणपाटाची सुटलेली कड दाबून धरली.

"टोळीला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसाला एक दिवस तूच सांग. ते मी करून चालणार नाही." आणि दाभण माझ्याकडे ढकलून, "टाका ढिला पडलाय तुझा."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही.

कार्तिकात, भाताच्या कापणीच्या दिवसांत, पुन्हा तसाच फोन आला. दिवस मावळायला अडीच तास होते. खोलीत आम्ही पाचजण. पण आता त्या खोलीत आवाज नुसता येऊन थांबायचा. पलीकडे बाई होती, रडवेली.

"मी तिकोणा पेठंतनं बोलतीया. मामंजी गवत कापाया गेलतं, घसरलं. हाक देत्यात, पर मला दिसत न्हाईत. गडी मानसं समदी लांब भाताला गेलीत, मी एकलीच हाय वो!"

मामंजी म्हणजे तिचे सासरे; पेठ हे तिकोणा गडाच्या पायथ्याचं गाव. मावशींनी डोळे मिटून घेतले. "गडाच्या कुठल्या बाजूला?"

"उगवतीच्या अंगाला..." आणि खरखर.

माझ्या खांद्यावर पिशवी होती. पाय आपोआप दाराकडे वळले. उगवतीची वाट आमच्या पायाखालची होती. तळवा वर झाला. मी दातावर दात दाबून उभा राहिलो. मनात घड्याळ चालू होतं.

"परत सांगा. सावकाश."

"उगवतीच्या अंगाला न्हाई, मावळतीच्या! कातळाच्या खाली. झरा हाय तितं."

"मावळतीला. झऱ्यापाशी. उगवतीला नाही?"

"न्हाई, न्हाई."

"तुमची हाक त्यांना ऐकू जाते?"

"व्हय."

"मग त्यांना सांगत राहा, हलू नका म्हणावं. माणसं निघालीत." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, "आता जा."

उगवतीला गेलो असतो तर गडाला वळसा घालण्यातच उजेड संपला असता. तिचे सासरे, आबा, सापडले तेव्हा सूर्य टेकला होता. खांदा निखळलेला, एका झुडपाला पाठ लावून बसलेले. त्यांच्या पायापुढे दोन हातांवर कडा तुटलेला होता. वर सून अजून ओरडत होती, "हलू नगासा!" आणि आबा माझ्या कानाशी पुटपुटत होते, "तिला गप कर बाबा, घसा फुटंल तिचा."

त्यानंतर दोन पावसाळे मावशी बसल्या. मग हळूहळू येईनाशा झाल्या. गुडघे धरतात म्हणाल्या. फोनपाशी आम्ही आळीपाळीने बसू लागलो.

मी चिंचवडला गेलो तो त्याही नंतर. का इतका उशीर केला, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दार त्यानेच उघडलं. नकली पावलावर तो जरा एका बाजूला झुकून चालत होता. मी बसलो नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मी कसा ओरडलो, फोनपाशीच्या बाई कशा थांब म्हणाल्या, मी कसा गप्प बसलो.

त्याने दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "त्या बाई दवाखान्यात आल्या होत्या. मी त्यांना वाटेल ते बोललो. बाईमाणसाला बोलू नये असं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं."

"त्यांची काही चूक नव्हती."

"मग ते बोलणं तुमच्या वाट्याचं होतं."

"हो."

"आता तुम्हाला बोलायला माझ्यापाशी काही उरलं नाही," तो म्हणाला. "या तुम्ही." दार त्याने आपटलं नाही, हलकेच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेलो. दार त्यांच्या भाचीने उघडलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, वाळून गेलेल्या. मला बघून हसल्या. मी समोर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, मान हलवत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "हो का? छान."

मला कळेना. मी उठून आत गेलो. भाची हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? वर्ष झालं, त्यांना काही ऐकू येत नाही. कानाच्या मशीनचाही उपयोग नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणाल्या."

गुडघे नव्हते तर.

मी परत जाऊन बसलो. टेबलावरची वही-पेन्सिल ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "चिंचवडला जाउन सांगितल." त्यांनी चष्मा लावला. वाचलं. माझ्या हातातून पेन्सिल घेतली, "जाउन"चा उ दीर्घ केला, शेवटच्या ल वर टिंब दिलं आणि मग विचारलं, "काय म्हणाले?"

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले.

"बरोबर बोलले," त्या म्हणाल्या. "फार वाईट बोलले होते रे ते."

इतक्या वर्षांत दवाखान्यातल्या त्या भेटीबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

पुढच्या महिन्यात मावशी गेल्या. मी वहीत लिहिलं त्या संध्याकाळी मात्र दिवेलागण होईपर्यंत आम्ही बसून होतो. मी लिहीत होतो, त्या उत्तरं देत होत्या. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या बाई दोनदा दारात डोकावून गेल्या, इथे भांडण तर लागलं नाही ना, ते बघायला.