मागल्या दारचं ताट

माझा गावाकडच्या कथांचा संग्रह आला, त्यानंतर वर्षभराने पालेगावातून एका बाईंचा फोन आला. "ताई, माझ्या सासूबाईंना एकदा भेटाल का? तुमच्या गोष्टी खऱ्या नसतात, एवढंच त्यांना सांगा."

त्यांनी संग्रहातली एक गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली होती. त्या गोष्टीत डोंगरावर गवत कापायला गेलेला माणूस परत येत नाही. बायको रोज दुपारी मागल्या दारी ताट वाढते आणि तो येऊन जेवून जातो. माझं आयुष्य अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये आणि ऑफिसात गेलेलं. गोष्ट निव्वळ कल्पनेतली. पण सासूबाईंचे यजमानही असेच डोंगरावर गेले ते गेलेच, आणि गोष्ट ऐकल्यापासून त्या ताट वाढू लागल्या होत्या.

मी दुपारीच गेले. नव्या टॉवरांच्या मागे, त्यांच्या सावलीत एकच कौलारू घर उरलेलं. सासूबाई मागल्या दारी बसल्या होत्या. पुढ्यात ताट, त्यात भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण.

"आजी, ती गोष्ट मी मनाने लिहिली," मी म्हटलं. "असं कोणी येत नसतं."

"येतात तं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यावर जरा रागावलेत."

"का?"

"सदरा पांढरा लिवला तुमी. बोलतात, निला होता."

आधी मी निळाच लिहिला होता. छापायला देताना पांढरा केला आणि जुना कागद फाडून टाकला. तो कोणीच पाहिला नव्हता.

सूनबाई दारात उभ्या होत्या, मी काही बोलेन म्हणून. तेवढ्यात सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि कोणाला वाट द्यावी तशा सरकल्या.

"बाय, जरा तिकडे तोंड करा. नवीन मानसासमोर लाजतात."

मी तोंड फिरवलं. मागे वाटी सरकल्याचा आवाज आला. सूनबाई तिकडेच बघत होत्या. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी वळलेच नाही.

रिक्षापर्यंत सूनबाई सोडायला आल्या. काय दिसलं, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. काही महिन्यांनी मीच फोन केला.

"बऱ्या आहेत सासूबाई. जेवतात आता नीट." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताट हल्ली मीच वाढते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर गावाकडची गोष्ट लिहायला मी बसलेले नाही.