उंबरबारी ते कुंडलपाडा: दोन पॉइंट सहा

"भामरे, हे अंतर तुम्हीच मोजलंत ना?" डोंगरे साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

सोबत जोडलेल्या तक्त्याखाली सही माझीच होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

"हो साहेब."

"मग अडचण काय आहे? चार प्रश्न आहेत. चार उत्तरं लिहा आणि पाठवून द्या."

मी प्रश्न वाचले. पहिले दोन वाचताना काही वाटलं नाही. तिसऱ्याला घाम आला.

तो माहितीच्या अधिकारातला अर्ज होता. पाठवणारे रूपसिंग पावरा, मुक्काम उंबरबारी. हे गाव धडगावच्या पुढे, सातपुड्यात आत. अर्ज आमच्याच टपालानं आला होता आणि फी म्हणून आमचीच पोस्टल ऑर्डर जोडलेली होती. आम्हाला पकडायला लागणारं सगळं सामान आम्हीच विकतो. टपाल खात्याची ही गोष्ट मला कायम आवडत आली.

पहिला प्रश्न, उंबरबारी ते कुंडलपाडा हे अंतर दोन पॉइंट सहा किलोमीटर असल्याचं कोणी मोजलं? दुसरा, कोणत्या साधनानं मोजलं? तिसरा, मोजणाऱ्यानं मधली नदी कुठून ओलांडली? चौथा, त्या दिवसाच्या प्रवासभत्त्याच्या बिलाची प्रत मिळावी.

आता थोडं समजावून सांगतो. मी तेव्हा तळोद्याला डाक निरीक्षक होतो. डोंगरातल्या शाखा टपाल कचेऱ्या माझ्याकडे होत्या. शाखा कचेरी म्हटलं की लोकांना इमारत आठवते. तसं काही नसतं. एक माणूस, एक शिक्का, एक हातातलं मशीन आणि बहुतेक वेळा त्या माणसाच्याच घराची पुढची खोली. अशा कचेऱ्या खातं कधी बंद करत नाही. शेजारच्या कचेरीत 'विलीन' करतं. शब्द निराळा आहे, कुलूप तेच असतं. दोन कचेऱ्यांमधलं अंतर तीन किलोमीटरपेक्षा कमी निघालं की विलीनीकरणाच्या यादीत नाव जायचं. उंबरबारीचं नाव गेलं होतं, ते माझ्या दोन पॉइंट सहामुळे.

हे अंतर मी कसं मोजलं, ते सांगायला मला तेव्हा लाज वाटत होती. आता निवृत्त झालोय, सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी एका शनिवारी संध्याकाळी मेल आला. सोमवारी सकाळपर्यंत सर्व शाखा कचेऱ्यांची आपसातली अंतरं कळवा. डोंगरातल्या पस्तीसेक कचेऱ्या आणि मध्ये एक रविवार. मी लोणखेड्याला घरी होतो. मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. तिनं मला नकाशा उघडून दिला. इथं क्लिक करायचं, तिथं क्लिक करायचं, मध्ये सरळ रेघ येते आणि रेघेवर आकडा. मी चहा घेत घेत दुपारपर्यंत अख्खा सातपुडा मोजून टाकला. बायको भाजी निवडत बघत होती.

"आसं घर बसीसन काम व्हस," ती म्हणाली, "ते मंग हापिसनी जीप कसाले शे?"

मी म्हटलं, "तुले नई समजाव."

तिला बरोबर समजलं होतं. तक्त्यात शेवटचा कॉलम होता, 'मोजणीची पद्धत'. तिथं मी 'प्रत्यक्ष' असं लिहिलं. सगळे तेच लिहायचे. दुसरं काही लिहिलं तर तक्ता परत येतो.

तर आता साहेबांना काय सांगायचं? पठ्ठ्यानं चौथा प्रश्न फार विचारपूर्वक टाकला होता. गेलो असतो तर बिल असतं. गेलो नव्हतो म्हणून बिल घेतलं नव्हतं. मी बिलापुरता प्रामाणिक राहिलो आणि तोच पुरावा माझ्या अंगावर आला.

"साहेब, बिल नाहीये," मी म्हटलं.

"मग 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहा."

"सहीचा तक्ता उपलब्ध आहे. मागच्या अर्जात आपणच त्यांना प्रत दिली होती. ती त्यांनी या अर्जाला जोडलीय."

साहेबांनी चष्मा काढला. "भामरे, तुम्ही गेला होतात का?"

"उंबरबारीला दर वर्षी जातो साहेब, तपासणीला. कुंडलपाड्यालाही जातो. एकातून दुसऱ्यात गेलो नाही कधी."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "जाऊन या. मोजून या. पाहणी झाली होती एवढंच लिहू, कधी झाली ते कोण विचारतंय?"

इथं माझ्या डोक्यात खोडी आली. आमचे अधीक्षक डोंगरे साहेब, माणूस वाईट नव्हता. नाव डोंगरे असलं तरी डोंगराशी त्यांचा संबंध नव्हता. आयुष्य सपाटीवरच्या शहरांत गेलेलं. पण ते रोज पहाटे मैदानावर पाच किलोमीटर चालायचे आणि दिवसभर त्याबद्दल सांगायचे. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. मीटिंगमध्येही ते हात वर करून आकडा दाखवायचे.

"साहेब, माझंच मोजमाप मीच तपासलं तर अपिलात टिकणार नाही," मी म्हटलं. "वरिष्ठांनी पडताळणी केली तर कोणी बोलणार नाही. आणि तुमच्याकडे घड्याळ आहे. दोन पॉइंट सहा म्हणजे तुमच्या सकाळच्या फेरीच्या निम्मं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "निम्म्यापेक्षा थोडं जास्त," ते म्हणाले. "गुरुवारी निघू."

गुरुवारी आम्ही तळोद्याहून जीपनं निघालो. दिवाळी होऊन गेली होती, हवा थंड होती. घाटातून उंबरबारीला पोचायला सकाळचे साडेनऊ झाले.

शाखा डाकपाल सुनीताताई पावरा दारातच उभ्या होत्या. तिशीतली बाई. पुढच्या खोलीत टेबल, भिंतीवर दरपत्रक आणि कोपऱ्यात ज्वारीची पोती. मशीन मात्र टेबलावर नव्हतं. ते बाहेर महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडाला एका पिशवीत टांगलेलं.

"तिथंच रेंज येते, सर," त्या म्हणाल्या.

खाटेवर एक पांढऱ्या मिशीचा माणूस बसला होता. तेच रूपसिंग. आश्रमशाळेत स्वयंपाकी होते, आता घरी शेती बघत. मी जरा दबकतच नमस्कार केला. त्यांनी हसून जागा दिली. साहेबांनी थेट विचारलं, "पावराजी, तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

"तक्रार नाही साहेब. प्रश्न आहे," रूपसिंग म्हणाले. "सुनीता बाळंतपणाच्या रजेवर होती. बदलीला माणूस मिळाला नाही. तीन महिने आमचं टपाल कुंडलपाड्याला उतरलं. माझ्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. रजिस्टर नोटीस कुंडलपाड्यात पडून राहिली. मला मिळाली तेव्हा सुनावणी होऊन नऊ दिवस झाले होते. कागदावर लिहिलं, अर्जदार गैरहजर."

वनहक्काचा दावा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली जमीन कायद्यानं आपल्या नावावर व्हावी म्हणून केलेला अर्ज. नोटीस चुकली की माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी.

"ते तीन महिने होते," रूपसिंग म्हणाले. "आता तुम्ही कायमचं करता. म्हणून विचारलं, कोणी मोजलं."

माझी नजर ज्वारीच्या पोत्यांकडे गेली. आतापर्यंत मला सगळा खेळ वाटत होता. त्या वाक्यानंतर तो तितकासा खेळ राहिला नाही.

निघताना सुनीताताईंनी टपालाची बॅग आणून साहेबांसमोर धरली. "साहेब, विलीन झाल्यावर बॅग रोज तिकडूनच येणार-जाणार ना? मग आज तुम्हीच न्या. चाचणी होऊन जाईल."

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. साहेब मूडमध्ये होते. त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि घड्याळाचं बटण दाबलं. ड्रायव्हरला मी कुंडलपाड्याला यायला सांगितलं.

"धडगाववरून फिरून यावं लागेल. दुपार होईल," तो म्हणाला.

"अडीच किलोमीटरला?" साहेबांनी विचारलं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

रूपसिंग पुढे, साहेब मध्ये, मी मागे. पहिला अर्धा तास उतार होता. साहेब श्वासोच्छ्वासाचं तंत्र समजावून सांगत होते. मग पायवाट दगडांतून वळणं घेऊ लागली. समोर दरीपलीकडच्या धारेवर एक पांढरं छप्पर चमकलं.

"तोच कुंडलपाडा," रूपसिंग म्हणाले.

"हे काय, आलंच की," साहेब म्हणाले.

त्यानंतर तासभर ते छप्पर तेवढंच लांब राहिलं. साहेबांचं बोलणं कमी होत गेलं. बॅग उजव्या खांद्यावरून डाव्यावर गेली, डाव्यावरून उजव्यावर आली. मी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. तेवढा मान मला त्यांना द्यावा लागेल.

दरीच्या तळाशी नदी आली. गुडघाभर पाणी, पण ओढ होती. काठावर साहेब थांबले आणि घड्याळ बघितलं.

"भामरे, दोन पॉइंट सहा कधीच मागं गेलं. साडेतीन किलोमीटर झालेत. पोस्ट कुठंय?"

"साहेब, माझी रेघ वरून गेली होती," मी म्हटलं.

"कुठून वरून?"

"घरून."

त्या नदीकाठी मी सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर, रविवार, चहा, 'प्रत्यक्ष'. इतकी वर्षं नोकरी केली, पण साहेबांसमोर बूट हातात घेऊन कबुलीजबाब देण्याची ती पहिलीच वेळ. रूपसिंग पाण्यात उभे राहून ऐकत होते. त्यांना राग यायला हवा होता. ते म्हणाले, "म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चला, पाणी थंड आहे."

साहेब बॅग सावरत पाण्यात उतरले. मधोमध त्यांचा पाय घसरला, रूपसिंगांनी दंडाला धरलं. तेवढ्यात घड्याळ किणकिणलं. त्यावर फटाके फुटत होते आणि अक्षरं आली होती, अभिनंदन, आजचं उद्दिष्ट पूर्ण. साहेबांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवून खोकलो.

पुढची चढण मी वर्णन करत नाही. माझीही अवस्था फार निराळी नव्हती. कुंडलपाड्याला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. घड्याळावर आठ पॉइंट नऊ किलोमीटर. तिथले डाकपाल वयस्कर होते. त्यांनी पाणी दिलं आणि साहेबांच्या खांद्यावरची बॅग बघून चक्रावले.

"या वाटेनं टपाल? पावसाळ्यात चार महिने इकडून माणूस येत नाही साहेब. नदीला पाणी असतं."

"माहीत आहे," साहेब म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये धडगावपर्यंत ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. मग एकदम म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज होता साहेब. सुनीताताईंनी दोनदा सांगितलं होतं, मध्ये दरी आहे म्हणून."

"मग मला का आणलंत?"

"मी कागदावर लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं," मी म्हटलं. "पुढे गेलं नसतं."

साहेब म्हणाले, "तेही खरं आहे."

दुसऱ्या दिवशी मी उत्तर टाईप केलं. एक, अंतर डाक निरीक्षक भामरे यांनी मोजलं. दोन, घरच्या संगणकावर, सरळ रेषेत. तीन, नदी ओलांडली नाही. चार, प्रवास केलेला नसल्यानं बिल नाही. खाली एक वाक्य साहेबांनी स्वतःच्या हातानं जोडलं, की प्रत्यक्ष चालून पडताळणी केली असता हे अंतर आठ पॉइंट नऊ किलोमीटर आढळलं. सही केली. मग मान हलवत म्हणाले, "असलं उत्तर या कार्यालयातून आजवर गेलं नसेल."

उंबरबारीचं नाव यादीतून निघालं. सुनीताताईंचं मशीन अजून महूवर टांगलेलं असतं. रूपसिंगांनी आमच्या उत्तराची प्रत जोडून सुनावणी पुन्हा लावून घेतली. नोटीस या वेळी वेळेत पोचली आणि ते हजर होते. दाव्याचा निकाल मी निवृत्त होईपर्यंत तरी लागला नव्हता.

मला लेखी ताकीद मिळाली. सर्व्हिस बुकला लागली. निवृत्तीला सात महिने होते, मी मनाला लावून घेतलं नाही. खरी शिक्षा वेगळी होती. साहेबांनी आदेश काढला, त्या तक्त्यातली सगळी अंतरं चालून पुन्हा मोजावीत, आणि मोजणी मूळ मोजणाऱ्यानंच करावी. सोबत त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं पावलं मोजायचं एक नवं घड्याळ दिलं. डबा उघडताना ते हसले, तेवढंच त्यांचं उट्टं.

मी सहा महिने चाललो. बहुतेक ठिकाणी माझी रेघ खोटी निघाली. एका ठिकाणी मात्र खरं अंतरही दोन किलोमीटरच्या आत भरलं, रस्ता पक्का, उतार नाही. ते पोस्ट विलीन झालं. तिथल्या म्हाताऱ्या डाकपालांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "थोडं वळसा घालून मोजता नाही आलं का?" मी नाही म्हटलं. चहा कडू नव्हता, पण गोडही लागला नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की माहितीच्या अर्जाला खरं उत्तर द्यायला चार ओळी पुरतात. दुसरं उत्तर द्यायचं असेल तर त्याला फाईल लागते, आणि ती सांभाळायला आणखी एक माणूस.