सहा आला की पुन्हा टाका

मला एका जागी उभं राहता येत नाही. वर्गात शिकवतानाही मी खडू घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारते. मुलं म्हणतात, मॅडमकडे बघून मान दुखते. दुखू दे. लोणखेड्याला अकरावी-बारावीला गणित शिकवून पंधरा वर्षं झाली, आता काय सुधारणार मी!

त्या दिवशी संभाव्यता चालू होती. दोन फासे, छत्तीस शक्यता, बेरीज सात यायची शक्यता छत्तीसात सहा, तेच ते दळण. तेवढ्यात मागच्या बाकावरची तळोद्याकडची एक मुलगी उठली. "मॅडम, फाशावर एक ते सहा नसलेच तर? दुसरेच आकडे असले तर?"

मी एकदम खूश. वर्षातून एखादाच असा प्रश्न येतो, आणि असे फासे तर आमच्या घरातच होते. मी फळ्यावर लिहिलं: एक, दोन, दोन, तीन, तीन, चार. "हे आमच्या घरचे फासे. दोन्ही फाशांवर हेच आकडे. आता यांची गोष्ट ऐका."

तापीकाठच्या आमच्या गावात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि काकांचं शेत लागूनच आहे. ऊस आणि केळी. विहीर एक, मोटार एक. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात जो जाईल त्याने दोन्ही शेतांना पाणी भरायचं. कोण जाणार यावरून भावाभावांत कटकट नको म्हणून आजोबांनी बाभळीच्या लाकडाचे हे दोन फासे केले आणि तापलेल्या खिळ्याने त्यांच्यावर टिंबं डागली. बेरीज विषम आली की आबा जाणार, सम आली की काका. पाच आणि सहा त्यांनी मुद्दामच ठेवले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे जुगार उघड्यावर चालतो, कोणी कोणाला हटकत नाही. नेहमीचे फासे असते तर आखाजीला गल्लीतल्या लोकांनी हमखास उचलून नेले असते. असले अर्धवट फासे कोण नेणार?

इथपर्यंत सांगून थांबायला हवं होतं. पण मी कसली थांबते! पुढे मी स्वतःचा पराक्रम सांगितला. सातवीत होते. आखाजीचा दिवस, आत्या माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, खाली पुरुषांचे पत्ते रंगलेले. त्यातच संध्याकाळी काकांनी पाण्याच्या पाळीसाठी फासे टाकले, सहा आला, आणि मी झोक्यावरून उडी मारून ओरडले, "हे चूक आहे! बेरीज दोन ते आठ येते. त्यात सम चार आहेत आणि विषम तीनच. काकांवर अन्याय होतो!" मीच तोडगाही काढला. सहा आला की पुन्हा टाका. मग दोन, चार, आठ काकांचे आणि तीन, पाच, सात आबांचे. तीनाला तीन. काकांनी मला उचलून घेतलं. आबांनी पत्ते खाली ठेवले आणि सगळ्यांना म्हणाले, "मन्ही पोर शे." माझी पोर आहे! त्या दिवसापासून आमच्याकडे तोच नियम आहे.

मुलं हसली. मी म्हटलं, "चला, आता शक्यता मोजू," आणि तक्ता आखला. आडव्या ओळीत एक फासा, उभ्या ओळीत दुसरा. मुलं बेरजा सांगत होती, मी लिहीत होते. दोन एकदा. तीन चारदा. चार आठदा. पाच दहादा. सहा आठदा. सात चारदा. आठ एकदा.

विषम अठरा. सम अठरा.

हात तिच्या! मी खडू तसाच धरून उभी राहिले. आजोबांचे फासे बरोबर होते, अगदी काटेकोर. आणि त्यातला सहा मी काढून टाकला होता. काकांचे आठ गेले, राहिले दहा. आबांचे अठराच. दर अठ्ठावीस पाळ्यांत चौदा-चौदा जाण्याऐवजी आबा अठरा वेळा गेले, काका दहा. पंचवीस वर्षं! आणि मी बया दरवर्षी मुलांना बजावत आले की बेरजा किती आहेत ते मोजू नका, ती बेरीज किती रीतींनी येते ते मोजा.

"मॅडम, काय झालं?" त्या मुलीने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं आणि तास संपायच्या आधीच वर्गातून बाहेर पडले.

कारण तो शुक्रवार होता, लाईटची पाळी बदलायचा दिवस. संध्याकाळी फासे पडणार होते आणि रात्रीची लाईट सुरू होणार होती. आबा बहात्तर वर्षांचे, उजवा गुडघा कामातून गेलेला. दोनच दिवसांपूर्वी आमच्या उसाच्या बांधावर बिबट्याच्या पावलांचे ठसे सापडले होते. मजूर तर रात्रीचं नाव काढलं तरी हात जोडत होते. काकांची मुलं सुरतेला, आबांना मी एकटी. स्कूटी काढली आणि गावाकडे निघाले. रस्त्यात उसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, त्याला शिव्या घातल्या. खरं म्हणजे स्वतःलाच घालत होते. आबा आजवर किती वेळा पाण्यात उभे राहिले असतील, त्यातल्या किती रात्री माझ्या चुकीमुळे, असा हिशोब डोक्यात चालूच.

आबा ओट्यावर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होते. "आज कशी वनी? सुट्टी शे का?"

मी चप्पलही न काढता सगळं भडाभडा सांगितलं. तक्ता, अठरा, दहा, माझी चूक. आबा तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"पाच लई येस. दोन नि आठ ते दिसतसच नही. दोन-चार वरीसमाच समजनं माले."

तळपायाची आग मस्तकात गेली. "मग बोलला का नाहीत? अहो, बोलायचं ना! चिखलात जात राहिलात, गुडघा घालवलात, आणि तोंडातून एक शब्द नाही?"

त्यांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. "तू चार लोकेसमोर सांगेल व्हतं. मन्ही पोर गनितमा हुशार शे, हाई मी गावभर सांगेल व्हतं. मंग तुले खोटं कसं पाडू?"

मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तेवढ्यात काका आले. पाठोपाठ शेजारचे दोघं-तिघं आले, फासे पडताना बघायला येतातच ते. काकांनी खाली बसून फासे टाकले. एकावर दोन, दुसऱ्यावर चार.

सहा.

काकांनी फासे उचलले, पुन्हा टाकायला. पंचवीस वर्षांची सवय. मी त्यांचा हात धरला. "थांबा काका. सहा तुमचा आहे."

आबा माझ्याआधी बोलले. घाईघाईने बोलले, मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "तिनं तव्हय बरोबर सांगेल व्हतं. मीच उलटं समजनू. चूक मन्ही शे."

आताही! सगळं उघडं पडत असतानाही हा माणूस मला पाठीशी घालत होता. मी मोठ्याने म्हणाले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "खोटं बोलताहेत आबा. चूक माझी होती. नियम मी बिघडवला. त्यांना सगळं माहीत होतं आणि माझं नाव राहावं म्हणून ते तुमच्या वाट्याच्याही रात्री जागत आले."

काकांनी फाशांकडे पाहिलं, मग आबांच्या गुडघ्याकडे. खुंटीवरची बॅटरी काढून घेतली आणि शेताकडे निघाले. शेजारीही उठले.

मला वाटलं होतं, आबांना हलकं वाटेल. पण ते मान खाली घालून बसले होते. बारावीला माझा पहिला नंबर हुकला होता तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"चार लोकेसमोर कसाले सांगं तू?" ते म्हणाले आणि उठायला लागले. गुडघा कुरकुरला. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.